शुक्रवारी जन्मलेले

आमच्या चर्चमध्ये दान वारांनी मागतात.
सोमवारी जन्मलेले आधी, मग मंगळवारचे,
ढोलाच्या ठेक्यावर नाचत, रुमाल फडकवत
वेदीपुढच्या पितळी परातीपर्यंत.
शेवटी कुठल्या वाराने किती दिलं ते वाचून दाखवतात,
आणि हरलेल्या वाराची थट्टा आठवडाभर,
मासळीबाजारातसुद्धा.

ती बेरीज नऊ वर्षं योफी बेन्त्सिल वाचायचा.
छपराच्या पत्र्यांचे अकरा हजार चारशे सेडी
पै न पै त्याच्या वहीत होते.
पेटीत नव्हते.

वही आता माझ्याकडे आहे. अक्षर इतकं सुरेख
की चोरी सुरू झाली त्या पानावर
बोट ठेवताना मीच ओशाळले.

आज तीन वर्षांनी तो आला.
सॉल्टपॉन्डवर हरमॅटनची धूळ,
डोक्यावर पत्र्यांच्या जागी ताडपत्री, फडफडणारी.
शेवटच्या बाकावर तो, टोपी गुडघ्यावर.
ओसोफो क्षमेवर बोलले. भरपूर बोलले.
सत्तर गुणिले सात म्हणाले,
आणि मी, सवयीने, मनात मांडलं: चारशे नव्वद.
नऊ वर्षांचे सगळे रविवार धरले
तरी चारशे अडुसष्टच होतात.
बावीस शिल्लक.
हिशेब चोख होता. छातीतलं काही हललं नाही.

मग शुक्रवार पुकारला.
शुक्रवारचा तो. शुक्रवारची मीही.
ढोल वाजत राहिला, तो उठेना.
तेव्हा म्हातारी एफुआ न्यारकोवा,
जिने धुरावलेल्या मासळीच्या टोपल्या विकून
त्या पत्र्यांसाठी दोनशे दिले होते,
परातीकडे पाठ करून
उलटीच नाचत गेली, थेट शेवटच्या बाकापर्यंत.
त्याचं कोपर धरलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली,
"ऊठ. तुझ्यापायी शुक्रवार हरेल."

कुणी हसलं.
कुणी उठून बाहेर गेलं, ते परत आलं नाही.
तो नाचला नाही. चालत आला.
परातीत काय टाकलं ते मी पाहिलं नाही;
पाहायचं नाही असं ठरवून पाहिलं नाही.

संध्याकाळी पेटी उघडली.
आता दोघी मिळून मोजतो, दोनदा मोजतो.
किल्ल्या दोन आहेत, दोनच राहतील,
हे म्हातारीलाही सांगून ठेवलंय.
शुक्रवार तिसरा आला.
त्यात एक नोट होती, चार घड्यांची,
खिशात फार दिवस राहून मऊ पडलेली.
कुणाची, ते वहीत लिहिलं नाही.
उलगडायला मात्र
मला बराच वेळ लागला.