ट्रॉलीखालची पेटी

पेटी देवळालीच्या लिलावातली.
हिरवा रंग, झाकणावर पांढरे आकडे,
आत कधीकाळी तोफेचे गोळे असतील.
आता हबची दोन बेअरिंगं, मेणकापडात गुंडाळलेली,
ग्रीसचा डबा,
कमानीचे सेंटर बोल्ट, एक लांब, एक कापून आखूड केलेला,
हुकाची पिन, पिनेची साखळी,
साखळी तुटली तर तार,
तार तोडायला पक्कड,
पक्कड हरवली तर दात,
असं आबाजी पिंगळे म्हणायचे,
आणि त्यांचा समोरचा एकच उरला होता.

एकदा क्रेट मोजायच्या काट्यावर ठेवली.
एक्केचाळीस किलो.
वैजयंता म्हणाली, म्हणजे दोन क्रेट टोमॅटो
रोज फुकट फिरवून आणता.
हिशेब बरोबर होता.
मी पेटीला कुलूप लावलं.

त्या रात्री पालखेडचा कालवा ओलांडला
आणि डाव्या चाकातून आवाज आला,
जात्यात खडा गेल्यासारखा.
उतरलो. हबला हात लावला, झटकन मागे घेतला.
खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.
तीन वर्षं वाहिलेली बेअरिंगं
आज कामाची.
जॅक लावला, जॅकखाली फळी,
उजव्या चाकाला दगडाची अडण.
पेटी उघडली
आणि आत काहीच दिसेना.

बॅटरी होती, तिच्यातले सेल
धाकट्यानं खेळण्यात घातलेले.
मोबाईल दोन टक्क्यांवर, मग तोही गेला.
ट्रॅक्टरचे दिवे पुढे बघत होते,
बिघाड मागे होता.
एक्केचाळीस किलो शहाणपण
आणि आगपेटीत एक काडी नाही.

मग एक स्कूटी आली.
थांबू की नको, हे तिच्या ब्रेकमध्ये ऐकू आलं.
पुढे गेली. वळून आली.
हेमलता गांगुर्डे, उपकेंद्रातली नर्स,
ड्यूटी संपवून शिरवाड्याला चाललेली,
हे सगळं नंतर कळलं.
तेव्हा फक्त दहा पावलांवर एक इंजिन चालू,
दोन पाय जमिनीवर, आणि हबवर झोत.
"करायचं ते लवकर करा, दादा."

पाऊण तास.
मी डावीकडे सरकलो की झोत डावीकडे.
जुनं बेअरिंग निघता निघेना,
माझ्या बोटांच्या सावल्या
चाकावर माझ्याहून मोठी दुरुस्ती करत होत्या.
नवं ठोकत गेलो, टक्, टक्, टक्,
मग ठक्.
"बसलं," ती म्हणाली, माझ्याआधी.
निखळलेला खांदा बसतो तेव्हा
असाच आवाज येतो म्हणे.

तेवढ्यात स्कूटी खोकली आणि बंद.
उभ्या उभ्या चालवून प्लग काळा पडलेला.
पॉलिश पेपरनं घासला, शर्टाला पुसला,
किका मारून पोटरी भरून आली.
पेटी पुन्हा सगळी उपसली, आता तिच्या मोबाईलच्या उजेडात.
ट्रॉलीचं सगळं होतं.
ट्रॉलीला प्लग नसतो.

मागची रांग उचलून बाकीच्या क्रेटांवर रचली,
फाळका पाडला, जॅकखालची फळी लावली,
एक ढकलतोय, एक ओढतेय.
ती मडगार्डवर बसली, डबा मांडीवर,
आणि मागे टोमॅटोत तिची स्कूटी
मान वाकडी करून,
रुसलेल्या विहिणीसारखी.

पिंपळगावला लिलाव अर्धा उरकलेला.
भाव पडला होता, किती ते वैजयंताला सांगितलं.
बाकीचं सांगायला दोन दिवस लागले.

तिला पुन्हा भेटलो नाही. एकदा चौफुलीवर
नव्या गाडीवर दिसली. हॉर्न दिला.
ट्रॅक्टरचे हॉर्न सगळे सारखेच.

पेटीत आता जादा सेल आहेत, धाकट्याला ताकीद आहे,
आणि जुन्या हिशेबपट्टीत गुंडाळलेला एक प्लग,
माझ्या कुठल्याच वाहनाला न बसणारा.
दुकानदारानं विचारलं होतं, गाडी कोणती?
म्हटलं, अजून भेटायचीय.
त्यानं वर बघितलं,
आणि पावती कोऱ्या नावानं फाडली.