शेवटचं पान नसलेली प्रत

ग्रिम्स्बीत माशांचा वास रविवारीही सुटी घेत नाही.
फ्रीमन स्ट्रीटच्या मंडईत, चाव्या करून देणाऱ्याच्या पलीकडे
एलर्बीचा गाळा: दीड माणूस मावेल एवढा.
पन्नास पेन्सला एक. वाचून परत आणलंत तर पंचवीस माघारी.
हा हिशोब मला लगेच कळला,
इचलकरंजीत दामल्यांचं वाचनालय असंच चालायचं,
फक्त तिथे पुस्तकाला खाकी कव्हर
आणि उशिराला रोज दहा पैसे.

मी विज्ञानकथा वाचते, हे सांगताना
आवाज अजूनही जरा खाली येतो,
चाळिशीत गोट्या खेळताना पकडलं जावं तसा.
एवढी शिकलेली तू, आणि हे?
हे म्हणजे हिरवी कातडी, तीन सूर्य,
मुखपृष्ठावर विनाकारण कमी कपड्यांतली बाई.
तिची मलाही लाज वाटते. बसमध्ये पुस्तक मांडीवर पालथं धरते.
पण आत, चौथ्या प्रकरणात, कुणीतरी
एका समुद्राच्या भरती-ओहोटीचं गणित मांडून बसलेलं असतं,
दोन चंद्र धरून,
आणि ते बरोबर असतं.
त्या बरोबर असण्यासाठी मी कसलंही मुखपृष्ठ सोसेन.

एवढी यानं, एवढे कप्तान,
त्यात आमच्याकडचा एकच सापडला:
तंत्रज्ञ राव, पान एकेचाळीस,
हवाबंद दार लागलं तेव्हा बाहेर राहिलेला.
त्या पानाचा कोपरा दुमडून ठेवलाय.
त्याचं तेरावं दुसरं कोण घालणार?

एलर्बी ट्रॉलरवर रेडिओ ऑपरेटर होता.
आइसलंडच्याही वर, तीन-तीन आठवडे,
बाहेर काळोख, कानात बिनतारी खरखर.
म्हणतो, अंतराळ मला वेगळं कल्पावं लागलं नाही.
त्याच्या जुन्या प्रतींच्या मागे पेन्सिलीनं
वाचून संपल्याची जागा: अक्षांश, रेखांश.
तारीख नाही. तारीख काय, कुणालाही असते.
तेव्हापासून मीही लिहिते:
एक्स-रे विभाग, खोली दोन, बाहेर बाकावर कुणी नाही.

मग ती प्रत.
डिंक सुटलेली, शेवटचं पान गेलेलं.
यान मागे वळलं, पण पृथ्वीवरून उत्तर
इथे संपते.
मी विचारलं. त्यानं चष्मा कपाळावर सारला,
थर्मासचा चहा झाकणात ओतला आणि सांगितलं:
उत्तर येतं, पण दोनशे वर्षांपूर्वी निघालेलं.
कुण्या मुलीचं. नुसतं स्वतःचं नाव, आणि
आज इथे धुकं आहे.
कप्तान तेवढंच परत परत ऐकत राहतो.
मंडईची शटरं पडायला लागली होती.
चहा त्याच्या झाकणात तसाच निवला.

चार वर्षांनी लीड्सच्या एका हॉलमध्ये,
जिथे मोठी माणसं गुपचूप रांग लावतात
प्लास्टिकच्या पिशवीतल्या पिवळ्या कागदासाठी,
मला अख्खी प्रत मिळाली. नऊ पौंड.
तिथेच जिन्यात बसून शेवटचं पान उघडलं.
आलं नाही. इंधन संपलं. समाप्त.

मुलगी नाही.
धुकं तर नाहीच.

एलर्बीला मी हे सांगितलेलं नाही.
शनिवारी जाते, पंचवीस पेन्स मागत नाही,
तो देऊ लागला तर डबा पुढे करते, शंकरपाळे घे म्हणते.
नऊ पौंडांची प्रत दुसऱ्याला देऊन टाकली, सहा पौंडांना.
फाटक्या प्रतीत खळीनं एक कोरा कागद चिकटवला
आणि त्याचा शेवट लिहून काढला, मराठीत,
कारण ती मुलगी मला त्याच भाषेत ऐकू आली.
खाली जागा: एलर्बीचा गाळा, चाव्यावाल्याशेजारी.

आमच्या मागे ही खोकी कुठेतरी जातीलच.
कुणी पोर पन्नास पेन्स देईल,
तेव्हा पेन्स उरले असतील तर,
वाचत वाचत शेवटाला येईल,
आणि तिथे ही अक्षरं, रेघेला लोंबकळलेली,
एकही ओळखीचं नाही.
पान उलटंसुलटं करून पाहील,
दिव्याशी नेईल,
आणि कुणालाच हाक न मारता म्हणेल,
अरे, हे तर खरंच आलंय कुठूनतरी.