घोटे

तेवीस मॅरेथॉन झाल्या, आता गुडघा बोलतो.
व्होरूच्या डॉक्टरनं एक्स-रे खिडकीशी धरला,
आभाळ आलंय का बघावं तसा बघितला
आणि म्हणाला, पोहायला शीक, मारिका.
गुडघ्याचं काय, ते सांगितलंच नाही.

तीस वर्षं ती तामुलाच्या काठानं पळत आली,
तळं कायम डाव्या हाताला.
कुठला भुर्ज वाकडा,
करकोच्याचं घरटं कुठल्या खांबावर, सगळं पाठ.
पाणी तेवढं नुसतं दिसायचं,
शेजारच्यांच्या घरासारखं,
जिथे कधी जाणं झालं नाही.

मंगळवारी संध्याकाळी, मुलांच्या तलावात,
शिकवायला अकरा वर्षांचा ऊकू.
(आई त्याची कोच, पण ती खोकत होती त्या आठवड्यात,
आणि मग पुढच्याही.)
पाय मार, तो म्हणतो.
ती मारते,
आणि मागे जाते.
खरंच मागे, भिंतीकडे.
ऊकू हसत नाही. वाकून निरखतो:
तुझे घोटे अजून पळतायत.

पळताना श्वास घरचा होता,
तीन पावलं आत, दोन बाहेर, हिशेब कुणी मागितला नाही.
इथे मान वळवून मागावा लागतो,
वाटीभर साखरेसारखा,
आणि दार उघडेलच असं नाही.
घोटा वळत नाही म्हणून घोट जातो,
क्लोरिनचा, नाकातून.

पाण्यात पडलं की पोहता येतं म्हणतात.
पाण्यात पडलं की भिजता येतं,
जूनपर्यंत एवढंच कळलं.

सायकल मेव्हण्याची, एक माप मोठी.
बूट पेडलला अडकवायचे, सोडवायचे आधी, थांबायचं नंतर.
चौकात दुधाचा टँकर थांबला, तीही थांबली
आणि सावकाश, अगदी सभ्यपणे,
आडवी झाली.
ड्रायव्हर उतरला. टोपी काढली.
बाई, तुम्ही पलीकडून पळत जाता त्याच ना?

ऑगस्ट. पाणी अठरा अंश.
सगळे पुढे गेले, फेस ठेवून.
दुसऱ्या बोयापाशी ती दम खायला उताणी झाली, मग वळली,
आणि पहिल्यांदाच तिला काठ दिसला, पाण्यातून.
काठावरून कुणीतरी पळत होतं,
पिवळ्या बनियनमध्ये, तळं डाव्या हाताला धरून.
कोण, ते कळलं नाही. चष्म्यावर वाफ होती.

सायकलवरून उतरल्यावर पाय आले खरे,
पण कुणाचे तरी आले.
मांड्या अजून गोल फिरत होत्या, रस्ता सरळ.
आणि शर्यतीचा मार्ग उलटा,
तळं उजव्या हाताला,
तीस वर्षांचे भुर्ज सगळे पाठमोरे.
वाकडा कुठला?
घरटं यायला हवं होतं, आलं नाही,
मग आलं, रिकामं,
नको त्या बाजूनं.

वळणावर ऊकू, हातात कागदी पेला.
घोटे! तो ओरडतो.
अरे, आता पळतेय मी, ती म्हणते,
आणि तरी
खाली बघते.