पुष्कळ वापरलेला

दुकानाच्या फळ्यावर मी लिहिलं: मागच्या चाकाचा हब,
बत्तीस भोकं, खिट्या चार, वापरलेला.
मग परत गेलो, 'वापरलेला'च्या आधी
'पुष्कळ' घुसवलं.
ब्लायनायमध्ये कोणाची सायकल कुठून उतरतेय
ते गाव पडद्याआडून ओळखतं.
इथे खोटं लिहून चालत नाही.
निदान अक्षरांत तरी.

विकायचा तर आधी उघडायला हवा.
स्वयंपाकघराच्या टेबलावर जुना टॉवेल पसरला,
दोन्ही बाजूंनी पाना घातला,
ओढला तसा सुळकन सुटला,
आणि तांदळाच्या दाण्याएवढी एक स्प्रिंग
उडून फ्रिजखाली गेली.
गुडघे टेकून बसलो. उठता येईना.
डॉक्टर म्हणते, इदवाल, वंगण संपलंय तुझ्या गुडघ्यातलं.
हबमध्ये मात्र होतं, पण कसलं!
राखाडी, दाट, गंध उगाळावं तसं.
या गावानं डोंगर सोलून परमुलखांची छपरं शाकारली;
जी पाटी कामाची निघाली नाही तिचे ढीग,
त्या ढिगांवरून आम्ही वीस वर्षं उतरलो.
उतरताना डोंगर थोडा थोडा
आत शिरत होता.

रॉकेलनं धुतला. चिंध्या काळ्या झाल्या.
तेव्हा बेअरिंगच्या बैठकीखाली दिसल्या
नखाएवढ्या तीन रेघा.
पहिली कोणाची, माहीत नाही.
दुसरी गेथिनची, ज्यानं मला हा विकला:
सरळ, पट्टी लावून ओढल्यासारखी.
तो खाणीतल्या हिशेबनिसाचा नातू.
तिसरी माझी. वाकडी.
त्या वर्षी घाई होती (कसली, ते आठवत नाही)
आणि बेअरिंग दाबून बसवायचं सोडून
मी हातोडीनं ठोकलं.
तेव्हापासून हा कण्हायचा.
मी म्हणायचो, जुना झालाय.

चारातली एक खिटी टोकाला गोल झालेली.
नवी मागवली तर तीन आठवडे, अकरा पौंड.
मी डबा उघडला आणि घट्ट वंगण
बोटानं भरलं, पाहिजे त्याच्या दुप्पट.
वंगण भरलं की आवाज मवाळ होतो.
हे कोणी शिकवावं लागत नाही.

शनिवारी पावसात नॉन आली, प्रिचर्डांची,
सतरा वर्षांची, बाही नाकाला पुसत.
चहा नको म्हणाली.
आस दोन बोटांत धरून हब फिरवला,
कानाशी नेला,
आणि माझ्याकडे न बघता म्हणाली,
"एक खिटी मागे पडतेय.
वंगण तुम्हीच भरलंत?"
मी म्हणालो, थंडीसाठी.
"चढावर निसटेल," ती म्हणाली. "दात जातील माझे."

साठ सांगितले होते. पंचेचाळीसवर आलो.
तिनं मोजून दिले, पाचाच्या नोटा, ओल्या,
शेवटचे दोन पौंड सुट्ट्या नाण्यांत.
दारापर्यंत गेलो. तिसऱ्या रेघेबद्दल
सांगायचं जिभेवर आलं होतं.
"उघडशील तेव्हा आत बघ," एवढंच बोललो.
ती म्हणाली, "आज रात्रीच उघडणार आहे."

तीन-साडेतीन आठवडे गेले.
बुधवारी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवत होतो,
तेव्हा वरच्या ढिगाऱ्याकडून
उतार कापत एक आवाज आला,
कोरडा, खणखणीत, टिटवीसारखा चिडका,
चारही खिट्या आपापलं बोलणाऱ्या.
माझं वंगण तिनं
चिंधीवर काढलं होतं.

ती थांबली नाही. हात मात्र केला.
मीही केला, डब्याचं झाकण हातात तसंच.
चौथी रेघ ओढलीस का,
हे ओरडून विचारेपर्यंत
ती वळणापलीकडे.