पाणी दहा मिनिटे उकळावे

संस्थेच्या कागदावर एकवीस नियम होते.
पाणी दहा मिनिटे उकळावे, हा चौथा.
खोलीला आतून कडी असावी, हा सातवा.
विश्रामनी मांडवीतून पितळी कडी आणली
मागच्या खोलीला, जिथे माझं शिलाईचं मशीन असतं,
आणि चार स्क्रूंना अख्खा रविवार घेतला.

इल्झे आली ती मे महिन्यात.
लाटव्हियाची. आम्ही नकाशात शोधलं,
चष्मा बदलून परत शोधलं.
पहिल्या रात्री तिने ताटातलं सगळं संपवलं,
डाव्या हाताचं मीठसुद्धा,
एका घासात,
आणि डोळ्यांत पाणी आलं तरी म्हणाली, छान.

सव्वाआठला रिक्षा. मग दिवसभर वर्ग:
गुजराती, पोषण, बाळाचं वजन कसं करायचं,
झोळीत वाळूची पिशवी घालून.
पुढे तिला छोटा उदेपूरकडे जायचं होतं, अंगणवाड्यांत.
संध्याकाळी ओट्यापाशी स्टुलावर बसून वही उघडायची,
हे काय? ते काय?
मी सांगायचे: झारा. पातेलं. अगं, ओतू जातंय!
तिने लिहून घेतलं, ओतुजातंय,
एकच शब्द,
वस्तूचं नाव असल्यासारखा.

सहाव्या आठवड्यात परीक्षा झाली
आणि धर्मिष्ठाबेनचा फोन आला.
सवारे शुं करो छो, असं विचारलं तर
तमारी छोकरी म्हणते, आंघोळ.
बेन, घरमां गुजराती बोलो ने.

मग बोलू लागलो.
चार पिढ्या झाल्या आम्हाला बडोद्यात.
भाजी, बँक, कुणाच्या बेसण्याला जाऊन बसणं,
सगळं गुजरातीत,
पण घरात शिरताना ती दाराशी काढून ठेवायची,
चपलांसारखी.
आता ती थेट ओट्यापर्यंत आली.
विश्राम मला 'तमे' म्हणाले.
तीस वर्षांत या घरात
मला कुणी अहो-जाहो केलं नव्हतं.
गॅसच्या बिलावरून भांडायला घेतलं,
दुसऱ्या वाक्याला अडलं.
गुजरातीत आम्हाला
फक्त नीट वागता येत होतं.
इल्झे वहीतून मान वर करून बघत होती
आधी कोण हसतंय ते.

रोज रात्री दहाला कडी वाजायची.
नवव्या आठवड्यात तिला ताप भरला
त्या रात्री नाही वाजली.
मशीनच्या स्टुलावर बसून होते, कपाळावर पट्टी बदलत.
ती तिच्या भाषेत बोलत होती, भराभर, कुणाशी तरी,
आणि मी आपली हो, हो म्हणत होते.
मध्येच म्हणाली, ओतुजातंय.
मी उठून गॅस बघून आले.
बंद होता.

पास झाली, काठावर.
आता तिकडून फोन येतो, डोंगर आडवा आला की तुटतो.
बाळांची वजनं सांगते,
पाच किलो दोनशे, सहा किलो,
आणि म्हणते, इथे आया गुजराती बोलतच नाहीत,
राठवी बोलतात,
मी वही पुन्हा पहिल्या पानापासून काढलीय.

मशीन परत खिडकीशी सरकवलंय.
कडी तशीच आहे.
सकाळी मी पाणी उकळायला ठेवते, घड्याळ लावून.
विश्राम विचारतात, आता कुणासाठी गं?
मी म्हणते,
तमे बेसो ने.