मिठानंतरचा विषय

काउंटी बोर्डाची इतिवृत्तं मी लिहिते,
अकरा वर्षं झाली.
कोण बोललं, किती वेळ, बाजूने की विरुद्ध.
रडणं लिहीत नाही. त्याला रकाना नाही.

त्या मंगळवारी विषय सहावा: रस्त्यांवर टाकायचं मीठ,
चौदाशे टन, एकमताने.
विषय सातवा: हद्दपारीच्या खटल्यात उभं राहणाऱ्यांना
काउंटीच्या पैशाने वकील.
मिठाला चार मिनिटं लागली होती.

डेल्बर्ट क्वाम म्हणाले, हे काम वॉशिंग्टनचं.
कायदा त्यांचा, कोर्ट त्यांचं, विमानही त्यांचंच,
मग बिल आमच्या माथी का?
मी लिहिलं: श्री. क्वाम यांनी अधिकारक्षेत्राचा मुद्दा मांडला.
खोटं बोलत नव्हते ते.
इथे गाडी चोरणाऱ्याला सरकार वकील देतं,
ज्याचा फक्त कागद संपलाय त्याला नाही,
कारण त्याचा खटला म्हणे गुन्ह्याचा नव्हेच.
मला हे त्या रात्रीपर्यंत ठाऊक नव्हतं,
आणि माझं टेबल कोर्टाच्याच इमारतीत आहे.

मग माइकपाशी फिडेलिना आली.
टर्कीच्या कारखान्यात रात्रपाळी करते.
बोटांना पट्ट्या, कोटाचं एक बटण चुकलेलं.
प्रत्येकाला दोन मिनिटं.
ती माम बोलते, ग्वाटेमालाच्या डोंगरातली भाषा.
तिचा भाचा मामचं स्पॅनिश करायचा,
ग्रंथालयातली बाई स्पॅनिशचं इंग्रजी.
एक वाक्य तीन घरं फिरून माझ्याकडे पोचलं
तोवर पन्नास सेकंद गेले होते.

वाक्य असं होतं:
न्यायाधीशांनी जे विचारलं
त्या सगळ्याला माझा नवरा हो म्हणाला.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात.
एर्मेलिंदोला पायरीच नव्हती.
कोठडीशेजारची खोली, भिंतीवर पडदा, पडद्यात न्यायाधीश,
आणि स्पॅनिश, जी त्याला बाजारापुरती येते,
टोमॅटो कितीला, इतकीच.
वकील हवा का? हो.
स्वतःच्या खर्चाने शोधाल? हो.
की आजच उरकायचं? हो.
परत जायची भीती नाही ना? हो.
नऊ मिनिटांत उरकलं.
मिठाहून पाच जास्त.

घंटी वाजली. अध्यक्षबाईंनी हातोडी उचलली.
तेव्हा क्वामच म्हणाले,
भाषांतराचा वेळ तिच्या खात्यात कसा मांडता?
घड्याळ थांबवा.

थांबवलं.

मग त्यांनीच विचारलं:
हे पैसे मंजूर झाले, तर तुमचा नवरा परत येईल का?
प्रश्न तीन घरं फिरत गेला.
उत्तर कुठेच थांबलं नाही, थेट आलं.
'नो,' फिडेलिना म्हणाली.
आणि जरा वेळाने, 'नेक्स्ट.'
हा शब्द तिला कारखान्यात मिळालाय,
पट्ट्यावरून टर्की पुढे ढकलताना ओरडायचा.
ग्रंथालयातल्या बाईने काही म्हणायला तोंड उघडलं
आणि मिटलं.

मतदान चार विरुद्ध तीन. मंजूर.
क्वाम विरुद्धच.
रक्कम निम्म्यावर आणली,
म्हणजे आमच्या वाट्याला अर्धा वकील आला.
मारेन टोस्त्रुड नावाची मुलगी
सोमवारपासून बुधवारच्या दुपारपर्यंत वकील असते.
गुरुवारी ज्याचं नाव पुकारलं जाईल, त्याचं नशीब.
फायली एकसष्ट. खोली तळघरात,
मिठाच्या पावत्यांच्या कपाटाला लागून.
खाली काही मागायला गेले की ती
फोन खांद्यात धरून मला थांबायची खूण करते.
पलीकडे कुणीतरी हो म्हणत असतं
आणि ही म्हणते, थांबा, आधी प्रश्न ऐका.

नियमाने मी लिहायला हवं होतं:
फिडेलिना गोदीनेस, बाजूने, दोन मिनिटं.
मी सहा मिनिटं वीस सेकंद लिहिली,
थांबलेल्या घड्याळाची धरून.

पुढच्या बैठकीत ते वाचून दाखवलं.
काही दुरुस्त्या? अध्यक्षबाईंनी विचारलं.
क्वामनी चष्मा काढला, पुसला,
आणि पुसतच राहिले.