चौसष्ट बाय चौसष्ट

साखर पेठेतले माग साडेबाराला थांबतात,
तेव्हा माझ्या कॉम्प्युटरचा पंखा ऐकू येतो.
पारा उतरून चौतीसवर आलाय,
ग्राफिक कार्ड मात्र अजून दुपारीच बसलंय.

एक भिंत उघडून ठेवलीय समोर.
वीस वर्षांपूर्वीच्या खेळातली,
काढणारी कंपनी कधीच बुडाली त्याची.
भिंत म्हणजे आडवे चौसष्ट ठिपके, उभे चौसष्ट,
त्यातच चुना, ओल, गोळ्यांची भोकं.
ज्यानं कुणी रंगवली त्यानं
चिन्नम्मा काकूसारखी काटकसर केली,
एका वाटणात तीन वेळची आमटी.

मला पिक्सेल कुणी शिकवला नाही.
बाप जेकार्डच्या पुठ्ठ्यांना भोकं पाडायचा:
भोक आहे, दोरा वर.
भोक नाही, दोरा खाली.
चौकटीच्या कागदावर तांबड्या पेन्सिलीनं
एकेक घर भरत मोराची मान वळवायचा,
आणि मान नीट वळली नाही तर
जेवणावर राग काढायचा.

खेळ पहिल्यांदा पाहिला अशोक चौकात,
गड्डमच्या कॅफेत, तासाला पंधरा रुपये.
खेळायचा मल्लेशअन्ना.
मी अकरा वर्षांचा, अर्ध्या स्टुलावर.
पहारेकऱ्याच्या खोलीत एक खाट होती,
खाटेवर तपकिरी डाग.
“बघ बे, आपली चादर,” तो म्हणायचा.
अख्खं कॅफे हसायचं.

म्हणून आधी ती चादर केली.
बापाच्या शेवटच्या डिझाईनची, ट्रंकेतली,
डांबरगोळीचा वास असलेली.
झेरॉक्सवाल्यानं काचेवर चार तुकड्यांत घेतली,
विचारलं, “हिला आधारशी लिंक करायचंय का?”
घरी तुकडे जोडले. शिवण दिसू नये
यात दोन रविवार गेले.
आता त्या खाटेजवळ गेलं की
काठाची वीण मोजता येते.

मग भिंती. मग पाणी, जे आधी
निळं फरसाण कागद वाटायचं.
मग उजेड.
उजेडाचं असं की कंदील पहिल्यापासून होता,
भिंतीवर चितारलेला, पिवळा.
पण जुन्या खेळाला ठाऊकच नव्हतं
की कंदिलातून काही बाहेर पडतं.
ते मी शिकवलं त्याला.

मल्लेश सुरतेत असतो, भरतकामाच्या मशीनवर.
फाईल पाठवली. तीन दिवस गप्प.
मग रात्री फोन:
“लख्ख दिसायलंय सगळं. चादर बघून बसलो थोडा वेळ.
पण जिन्याखालची माझी जागा कुठं गेली बे?
तिथं दिवा लावलास तू.”

जिन्याखाली तो उभा राहायचा,
दहा दहा मिनिटं, बंदूक खाली.
पोरं म्हणायची, डाव आहे याचा.
मलाही वाटायचं, डाव आहे.
त्याची पाळी सकाळची होती
आणि आम्ही तिथं असायचो सकाळचेच,
हे गणित मला सुटलं
पुढं कितीतरी वर्षांनी, आई बोलता बोलता म्हणाली तेव्हा,
की त्या उन्हाळ्यात कारखान्यानं
अठरा माग भंगारात काढले होते.
डबा मात्र रोज भरून जायचा.
शेंगाचटणी आम्ही दोघं
कॅफेच्या पायरीवर खायचो.

फोनवर मी यातलं काही बोललो नाही.
“बघतो,” म्हणालो.

कंदिलाचा उजेड तीन पायऱ्यांवर तोडलाय.
चौथीपासून खाली जुनंच आहे सगळं,
जाडेभरडे ठिपके, कोपरा कुठं संपतो कळत नाही.
नवी पोरं म्हणतील, इथं काम राहिलंय याचं.
म्हणू देत.

पाचला पहिला माग सुरू झाला पलीकडे.
फाईल बंद करण्याआधी बदलांच्या यादीत लिहिलं:

पाण्याची चमक कमी केली.
दाराची कडी दुरुस्त.
जिन्याखाली अंधार, मल्लेशच्या सांगण्यावरून.